शिखर कोणाच्या खाती?

माझ्या हातून आजवर घडलेलं सर्वांत मोठं गिर्यारोहण म्हणजे आमच्या बँकेच्या रेकॉर्डरूममधल्या शिडीवर चढून सगळ्यात वरच्या फळीवरचं जुन्या व्हाउचरांचं गाठोडं खाली काढणं. उंची साडेनऊ फूट. त्या मोहिमेतही मी एकटा नव्हतो. खाली आमचे शिपाईमामा शिडी धरून उभे होते. गाठोडं खाली आलं. साहेब मला म्हणाले, "शाब्बास!" आणि शिपाईमामांना म्हणाले, "शिडी जागेवर ठेवा." पुढे मी एव्हरेस्टवरची पुस्तकं वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की गिर्यारोहणाचा निम्मा इतिहास मला त्या दिवशी त्या साडेनऊ फुटांतच कळला होता.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्याकडे काव्य, शौर्य आणि हिमालय हे विषय ऐच्छिक म्हणूनसुद्धा नसतात. आम्हाला एकच वेद शिकवतात : प्रत्येक नावेला जमा असलीच पाहिजे. कुणाच्या खात्यातून गेलं, तर ते कुणाच्या तरी खात्यात पडलंच पाहिजे. मध्येच कुठे हरवलं तर रात्री नऊपर्यंत बसा आणि शोधा. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस रामायण वाचतानासुद्धा 'सेतूचा खर्च कोणत्या खाती टाकला असेल?' असा विचार करायला लागतो. एव्हरेस्टचा इतिहास मी असाच वाचला. आणि सांगायला वाईट वाटतं, पण ताळेबंद जुळत नाही.

पहिलीच नोंद बघा. जगातलं सर्वांत उंच शिखर हे सर्वांत उंच आहे हे ज्याने आकडेमोड करून काढलं, तो त्याच्या पायथ्यालाही गेला नव्हता. तो माझ्यासारखाच टेबलाशी बसून बेरजा करणारा नोकरदार होता. (हे वाक्य मी घरी तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं. हिने तिन्ही वेळा "भाजी निवडून द्या" एवढंच म्हटलं.) राधानाथ सिकदार त्याचं नाव. १८३१ साली तो दरमहा तीस रुपयांवर सर्वेक्षण खात्यात लागला. हुद्दा कोणता? 'कॉम्प्युटर'! म्हणजे आज ज्या यंत्रापायी ग्राहकांच्या शिव्या मला खाव्या लागतात, ते यंत्र त्या काळी हाडामांसाचं होतं, आणि कधी बंद पडल्याचं ऐकिवात नाही.

नेपाळात गोऱ्या साहेबांना मज्जाव होता. म्हणून शंभराहून अधिक मैलांवरून, सहा ठिकाणांहून दुर्बिणी लावून शिखराचे कोन मोजले. हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्याची वजावट केली, आणि १८५२ साली 'शिखर क्रमांक १५' सर्वांत उंच ठरलं. सहा उत्तरांची सरासरी म्हणे नेमकी २९,००० फूट आली. वरिष्ठ अँड्र्यू वॉ साहेब चिंतेत पडले. एवढा गोल आकडा बघून लोक म्हणतील, यांनी अंदाजपंचे ठोकून दिलं! म्हणून १८५६ साली जाहीर करताना दोन फूट वरचे घातले, २९,००२, असं सांगतात. ऑडिटरला गोल आकड्याचा वास येतो हे ज्ञान इतकं जुनं आहे, हे वाचून मला गहिवरून आलं.

२०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून उपग्रहाच्या मदतीने उंची जाहीर केली, ८,८४८.८६ मीटर. फुटांत केली तर ती २९,०३२ च्या आसपास भरते. म्हणजे फरक तीस फुटांचा, आणि सिकदारबाबूंचा सुरुवातीचा पगारही तीसच रुपये. इतक्या स्वस्तात इतकी कमी चूक आमच्या बँकेत कुणी करून दाखवावी!

आता जमेची बाजू. सिकदारांनी शिखर ठरवलं. नाव कुणाचं लागलं? वॉ साहेबांच्या आधीचे साहेब जॉर्ज एव्हरेस्ट यांचं, जे १८४३ सालीच निवृत्त होऊन विलायतेला गेले होते. गंमत म्हणजे खुद्द एव्हरेस्टसाहेबांनीच हरकत घेतली, की इथल्या लोकांना हे नाव उच्चारता यायचं नाही. ते स्वतः आपलं नाव 'ईव्हरेस्ट' असं म्हणत, म्हणजे आज सगळं जग ते चुकीचंच उच्चारतं. तिबेटी लोक त्याला आधीपासूनच चोमोलुंग्मा म्हणत होते. पण त्यांचा अर्ज विहित नमुन्यात नसावा. १८६५ साली नाव पक्कं झालं.

सिकदारबाबूंची आणखी एक नोंद मला जास्त मोलाची वाटते. १८४३ साली एक मॅजिस्ट्रेट खात्याच्या मजुरांना स्वतःच्या सामानासाठी फुकट राबवत होता. सिकदारांनी त्याला अडवलं, आणि बदल्यात दोनशे रुपये दंड भरला. हमालाच्या पाठीवरचं ओझं कुणाचं, हा प्रश्न डोंगर चढायला लागायच्या आधीच एका हिशेबनिसाने विचारून ठेवला होता. पुढच्या मंडळींनी तो वाचला नाही.

पुढची मंडळी म्हणजे इंग्रज गिर्यारोहक. १९२१ साली ते तिबेटच्या बाजूने पाहणी करून आले, १९२२ साली चढाईला गेले. ७ जून १९२२ रोजी हिमकडा कोसळला आणि सात हमाल गेले. गोरा एकही नाही. त्या तुकडीत सॉमरव्हेल नावाचा डॉक्टर होता. आपल्यापैकी एकजण तरी त्यांच्याबरोबर का गेला नाही, अशी खंत त्याने लिहून ठेवली. हिशेबात चूक आहे हे त्याला कळलं होतं. दुरुस्ती मात्र कुणाच्याच हातात नव्हती. मेलेल्याच्या खात्यात काय जमा करणार?

१९२४ साली मॅलरी आणि आयर्विन ८ जूनला वर गेले आणि ढगात दिसेनासे झाले. ते माथ्यावर पोचले का? जी रक्कम आली कुठून आणि टाकायची कुठे हे कळत नाही, ती आम्ही 'उचंत खात्या'त ठेवतो. हे दोघे शंभर वर्षं उचंत खात्यात आहेत. १९९९ साली मॅलरीचा देह सापडला. खिशात पत्रं होती, गॉगल होता, दुकानाचं बिलसुद्धा होतं. माथ्यावर ठेवायला बायकोचा फोटो नेला होता म्हणतात, तो तेवढा सापडला नाही. २०२४ साली आयर्विनचा बूट आणि त्यात पाऊल सापडलं. कॅमेरा अजून नाही. हिला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच ती भाजी निवडायची थांबली आणि म्हणाली, "फोटो वरच ठेवला असेल." ऑडिटमध्ये हे चालत नाही. पण मी वाद घातला नाही.

आता १९५३. नेते जॉन हंट. साडेतीनशेच्या वर हमाल, वीस शेर्पा, दहा हजार पौंड सामान. डोंगरात तेव्हा कागदी नोट चालत नसे, म्हणून मजुरीची नाणी पेट्यांत भरून हमालांच्याच पाठीवर दिली. म्हणजे गडी आपला पगार आपणच वाहून नेतोय, आणि तो उचलतो म्हणून पुन्हा त्याचा पगार! अशी योजना आमच्या हेड ऑफिसलाही अजून सुचलेली नाही.

काठमांडूत साहेबमंडळी वकिलातीत उतरली आणि शेर्पांना गॅरेजमध्ये झोपवलं. तिथे मोरीसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेर्पांनी वकिलातीसमोरच्या रस्त्यावर रांगेत उभं राहून जो निषेध नोंदवला, त्याचं वर्णन कौटुंबिक वाचकांसाठी करता येत नाही. आमच्या युनियनने पगारवाढीसाठी काळ्या फिती लावल्या होत्या. त्यापेक्षा हा मार्ग परिणामकारक दिसतो.

त्या शेर्पांचा म्होरक्या तेनसिंग नोर्गे. १९३५ पासून या डोंगराशी त्याची झटापट चालू होती. ही सातवी खेप. जोडीला न्यूझीलंडचा एडमंड हिलरी. व्यवसाय मधमाश्या पाळणं. २६ मेला बोर्डिलाँ आणि इव्हान्स माथ्याखाली तीनशे फुटांवरून परत फिरले. २८ मेला लोव, ग्रेगरी आणि आंग न्यीमा यांनी शेवटच्या तळाचं सामान वर पोचवलं आणि ते निमूटपणे खाली उतरले. मला हे तिघे फार जवळचे वाटतात. 'वरील सर्व जोडपत्रांसह सादर' असं लिहून फाईल पुढे सरकवायची आणि आपण सहाच्या बसने घरी जायचं, त्यातलीच ही गत.

२९ मेच्या सकाळी हिलरीचे बूट थंडीने लाकूड झाले होते. ते स्टोव्हवर शेकण्यात दोन तास गेले. साडेअकराला दोघे माथ्यावर. तेनसिंगने बर्फात गोळ्या-चॉकलेटांचा नैवेद्य ठेवला, आणि मुलीने दिलेली लाल-निळी पेन्सिल. जगाच्या माथ्यावर स्टेशनरी ठेवणारा हा पहिला माणूस. त्या दिवसापासून तो मला आमच्या खात्यातलाच वाटतो.

मग हिलरीने तेनसिंगचा फोटो काढला. तोच जगभर गाजला. हिलरीचा माथ्यावरचा फोटोच नाही. तेनसिंगला कॅमेरा चालवता येत नव्हता म्हणे, आणि शिकवायची ती जागा नव्हती. गंमत पाहा : ज्याचा फोटो आहे त्याला मिळालं जॉर्ज पदक, ज्याचा नाही तो झाला 'सर'. हंटही 'सर'.

खाली आल्यावर एकच गलका. पहिलं पाऊल कुणाचं? दोघांमध्ये दोर सहा फुटांचा. एक घसरला तर दुसराही जाणार. आमच्याकडे याला जॉइंट अकाउंट म्हणतात, त्यात पहिली सही कुणाची याला महत्त्व नसतं. दोघांनी लिहून दिलं, 'जवळजवळ एकदमच पोचलो.' तरी लोक ऐकेनात. शेवटी १९५५ साली आपल्या आत्मचरित्रात तेनसिंगने सांगून टाकलं, की पहिला हिलरी, मागोमाग मी. सात खेपा घातलेल्या माणसाने आपली जमा दुसऱ्याच्या खाती लिहिली आणि खाली सही केली. असा कॅशिअर मी पाहिलेला नाही.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही पुढचं घडलं.

गेल्या डिसेंबरात, दुसऱ्या शनिवारी, आमच्या शाखेने कळसूबाई सर केली. उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. पहिल्या शिडीखाली मी सवयीने शिपाईमामांना शोधलं. बारी गावातला पंधराएक वर्षांचा एक पोरगा बरोबर घेतला होता. त्याने माझी पिशवी घेतली. पिशवीत दोन बाटल्या पाणी, थर्मास, धपाटी, गुडघ्याचा पट्टा आणि एव्हरेस्टवरचं एक जाड पुस्तक, वर बसून वाचायला. दुसऱ्या शिडीवर त्याने मलाही जवळजवळ घेतलंच. तेनसिंगची अडचण त्याला नव्हती. माझ्या फोनमधली माझ्यापेक्षा जास्त बटणं त्याला ठाऊक होती. देवळापाशी त्याने आम्हा अकरा जणांचा झकास फोटो काढला. उतरल्यावर मी त्याला दोनशे रुपये दिले.

फोटो बँकेच्या मासिकाकडे धाडला. त्यांचा निरोप आला, 'डावीकडून उजवीकडे नावे कळवा.' अकरा नावं लिहिली. खाली छापील ओळ होती : 'छायाचित्रकार.' आणि माझं पेन थांबलं. मी त्याला नावच विचारलं नव्हतं. पैसे दिले, पण कोणास दिले ती जागा कोरी. असली व्हाउचरं वीस वर्षं मी लोकांच्या तोंडावर परत केली आहेत.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी मी एकटाच बारीला गेलो. हिला सांगितलं, "ऑडिटची एक शंका राहिली आहे." पोरगा भेटला. नाव सांगितलं. मासिकात छापू का विचारलं, तर म्हणाला, "नको काका. त्या दिवशी शाळा बुडवली होती. गुरुजी वाचतील."

मग दोघे पुन्हा वर गेलो. पिशवी या वेळी माझी मीच घेतली, निदान पहिल्या शिडीपर्यंत. माथ्यावर मी त्याचा फोटो काढला. तो माझ्या टेबलावर आहे. मागे लाल-निळ्या पेन्सिलीने त्याचं नाव लिहिलंय. फोटो किंचित हलला आहे, आणि देवळाचा कळस वरून दोनेक फूट कापला गेलाय.

वॉ साहेबांनी दोन फूट वाढवले होते. मी दोन कमी केले. तेवढा तरी हिशेब जुळला.