कृष्णाकाठची इर्जिक

कृष्णाकाठच्या खोल, काळ्याभोर जमिनीत हरळीने आणि कुंद्याने एकदा ठाण मांडले, म्हणजे एकट्या कुणब्याचे तिथे काही चालत नसे. सहा-आठ बैल जुंपल्यावाचून जड नांगर तासात उतरायचा नाही आणि एवढे बैल पोसणे सामान्य खातेदाराच्या ऐपतीबाहेरचे, म्हणून ज्याची नांगरट अडली असेल त्याच्या रानात गावाने आपापल्या जोड्या घेऊन जावे व घरधन्याने सर्वांना जेवू घालावे, अशी जी वहिवाट पडली तिचे नाव इर्जिक. ना दस्तऐवज, ना साक्षीदार. तरीही हा व्यवहार पिढ्यानपिढ्या बिनतक्रार चालला, ही गोष्ट मला कोणत्याही सनदेपेक्षा मोलाची वाटते.

लोखंडी नांगराने ही वहिवाट मोडली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात तो घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावीनात. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर गावोगाव पोचला, तरी तो ओढणारे बैलच होते. 1963 साली महिंद्र मंडळींनी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने मुंबईत ट्रॅक्टरची कंपनी काढली, आणि हळूहळू पस्तीस अश्वशक्तीच्या आसपासचा मध्यम ट्रॅक्टर बागायतदाराच्या आवाक्यात आला.

आम्ही आमचा ट्रॅक्टर घेतला तो सातबाऱ्यावर बोजा चढवून. पहिल्याच उन्हाळ्यात, जे रान इर्जिकीला दिवसभर पुरत असे, ते न्याहारीनंतर धरून दुपारच्या जेवणाआधी उरकले. पलटी नांगरामागे उलथून पडलेल्या ढेकळांतून हरळीच्या पांढऱ्या, गाठाळ काशा उघड्या पडल्या होत्या. वडिलांनी एक ढेकूळ उचलून हातानेच फोडले, काशा वेचून बांधावर टाकल्या आणि ते कितीतरी वेळ तासाची खोली पाहत उभे राहिले.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर मात्र वाफशाची वाट न पाहता मी ट्रॅक्टर रानात घातला आणि मागची चाके आसापर्यंत रुतली. निरोप न धाडताही शेजारची चार माणसे आपापल्या जोड्या घेऊन आली. सोल बांधून आठ बैलांनी तो बांधावर ओढून काढला, आणि संध्याकाळी आईने सर्वांना इर्जिकीच्या रिवाजाप्रमाणे पुरणाचे जेवण घातले.

त्यानंतर आमच्या गावात इर्जिक झाली नाही. नांगरटीचा दर आता एकरी ठरतो आणि तो रोखीने चुकता होतो.