डोळ्यांत बोट की कुस्तीची पकड?

शहरातलं वातावरण तापलेलं असताना अकोल्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलानं मला विचारलं, "चाचा, कुस्ती शिकायला वर्षं जातात. डोळ्यांत बोट घालणं, चावणं, जांघेत लाथ मारणं एवढं आलं तरी पुरे ना?" प्रश्न भीतीपोटी आला होता, म्हणून हसण्यावारी नेता येईना.

त्याला मी बडोद्याची गोष्ट सांगितली. १८६४ च्या सुमारास फ्रेंच प्रवासी लुई रूसले यानं तिथं खंडेराव गायकवाडांसमोर 'नक्की की कुस्ती' पाहिली. मल्ल हाताला शिंगाची नखं बांधून एकमेकांना रक्तबंबाळ करत. राजाची करमणूक व्हायची, पण असा सराव रोज कोण करणार?

त्याच बडोद्यात जुम्मादादांचा आखाडा नावारूपाला आला. उस्ताद मुसलमान, पट्टशिष्य माणिकराव हिंदू. उस्तादांमागे माणिकरावांनी आखाडा वाढवला. त्याचं नाव आजही जुम्मादादा व्यायाममंदिर आहे.

कुस्तीत चावा, ठोसा, डोळ्यांत बोट वर्ज्य. हा नुसता सभ्यपणा नाही. जोडीदार शाबूत राहतो, म्हणून उद्या पुन्हा त्याच्याशी पूर्ण ताकदीनं झोंबता येतं. डोळा फोडण्याचा सराव कुणावर करणार? आणि सराव नसलेला डाव घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी सुचेल कसा? जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदोची शाळा काढली, तेव्हा मोकळ्या झुंजीतून घातक डाव वगळले, ते याच हिशेबानं.

आपल्या वऱ्हाडातही ही परंपरा आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला. त्याचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली.

जिवावर बेतलं तर चावायला, बोट घालायला माझी ना नाही. पण कुणी छातीवर बसून दोन्ही हात दाबले, तर बोट डोळ्यापर्यंत पोचेल कसं? आधी तोल राखता यावा, पकडीतून अंग सोडवता यावं. मोकळं झालं की पळावं. त्यात कमीपणा नाही.

मुलगा आता पहाटे तालमीत जातो. त्याचा रोजचा जोडीदार रस्त्यापलीकडच्या वस्तीतला आहे. त्या वस्तीचीच त्याला भीती वाटत होती.