परंगीमलैची तोफ आणि हवालदाराची टेप

चेन्नईला पोस्टिंग होतं तेव्हा संध्याकाळी परंगीमलैच्या पायऱ्या चढायची सवय लागली होती. हाच इंग्रजांचा सेंट थॉमस माउंट. आपली ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी 1963 पासून इथे आहे. त्याआधी कंपनीच्या काळात मद्रास तोफखान्याची छावणी इथेच होती.

याच छावणीतल्या तोफेवरून 1820-21 मध्ये जॉन गोल्डिंगहॅम यांनी आवाजाचा वेग मोजला. ते नुंगमबाक्कमच्या वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ. माउंटची तोफ तिथून सुमारे 9 किलोमीटरवर, फोर्ट सेंट जॉर्जची सव्वाचारावर. तोफेचा उजेड दिसला की क्रोनोमीटरचे ठोके मोजायला सुरुवात आणि आवाज कानी पडला की थांबायचं. माउंटचा आवाज यायला साधारण 26 सेकंद लागत. अंतर ठाऊक, वेळ मोजलेला. भागाकार केला की वेग. गोळीचा वेग मोजणारा आपला क्रोनोग्राफ हेच करतो, फक्त दोन पडद्यांमध्ये आणि मिलिसेकंदांत.

गोल्डिंगहॅमनी वर्षभर तापमान, हवेचा दाब, दमटपणा, वारा सगळं लिहून ठेवलं. त्यांची सरासरी डिसेंबरात सेकंदाला 1099 फूट, जुलैत 1164. फरक 65 फुटांचा! मद्रासच्या थंडी-उन्हाळ्याने दहा-बारा फूट इकडेतिकडे होतील. बाकीच्या फरकात मला मोसमी वाऱ्याचा हात दिसतो. जुलैत वारा नैऋत्येचा, म्हणजे माउंटकडून वेधशाळेकडे. डिसेंबरात नेमका उलटा. एकाच दिशेने शेकडो वेळा मोजलं तरी असा वारा सरासरीतून जात नाही. 1822 मध्ये अरागो आणि मंडळींनी पॅरिसजवळ दोन्ही टोकांना तोफा ठेवल्या, त्या यासाठीच.

हे वाचताना मला माझी एक जुनी रेंज आठवली. क्रोनोग्राफवर दहा राउंड घेतले. सगळे आकडे 918 मीटरच्या आसपास, एकमेकांना चिकटून. मी खूश. दारूगोळा जास्त वेगाचा आहे, असा रिपोर्टही लिहायला घेतला. आर्मरर हवालदार म्हणाला, "साहेब, एकदा पडद्यांना टेप लावून बघू का?" मी चारचौघांत त्याला उडवून लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यानेच टेप लावली. पडद्यांतलं अंतर 2 मीटर धरलं होतं, प्रत्यक्षात ते 4 सेंटिमीटर कमी होतं. दोन टक्क्यांची चूक! खरा वेग 900. दारूगोळा चोख होता.

फायरिंग केलेल्यांना वेगळं सांगायला नको: ग्रुप टाइट होता, पण बुलपासून दूर. दहाच्या जागी शंभर राउंड मारले असते, तरी ग्रुप तिथेच पडला असता.

रिपोर्ट फाडला. हवालदाराची माफी मात्र चारचौघांतच मागितली. त्याला उडवून लावलं होतं, तेही चारचौघांतच.