पाठीतल्या सुईची कुळकथा

स्तनाची शस्त्रक्रिया म्हणजे सबंध भूल, हे आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं. पण स्तनाच्या बहुतेक संवेदना वाहून नेणाऱ्या नसा पाठीतून येतात. छातीच्या मणक्यांपाशी त्या बाहेर पडतात आणि बरगड्यांच्या कडेने पुढे वळतात. मणक्याला लागून पाचरीच्या आकाराची एक चिंचोळी जागा आहे. तिथे बधिर करणारं औषध सोडलं, की छातीची तेवढी एक बाजू बधिर होते आणि बाई जागी राहू शकते.

ही सुई पहिल्यांदा टोचली ती स्तनासाठी नव्हे, पोटासाठी. साल १९०५, माणूस जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ ह्यूगो झेलहाइम. कण्यात दिलेल्या भुलीने तेव्हा रक्तदाब कोसळत असे, म्हणून त्यांना दुसरी वाट हवी होती. पुढे आर्थर लॅवेन आणि माक्स काप्पिस यांनी ती सुधारली. मग सबंध भूल भरवशाची होत गेली आणि ही सुई अडगळीत पडली. १९७९ साली ईसन आणि वायट या दोघांनी तिचा नव्याने विचार मांडला नसता, तर ती पुस्तकातच राहिली असती.

स्तनाच्या कर्करोगाशी तिची गाठ ठळकपणे पडली ती १९९५ च्या सुमाराला, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात. तिथल्या डॉक्टरांनी सबंध भुलीऐवजी हीच सुई वापरून शस्त्रक्रिया केल्या. दुखणं कमी, उलट्या कमी. हृदय किंवा फुप्फुस अधू असलेल्या वयस्क बाईसाठी हा फरक फार मोठा आहे. फुप्फुसाला सुई लागण्याची भीती असतेच. आता सोनोग्राफीत सुई पाहत पुढे नेता येते, त्यामुळे ही भीती कमी झाली आहे. २०११ मध्ये राफाएल ब्लांको यांनी पाठीऐवजी छातीच्या स्नायूंच्या थरांमध्ये औषध सोडण्याची तुलनेने सोपी पद्धत मांडली.

या सुईने कर्करोग उलटण्याचं प्रमाणही घटेल, अशी आशा होती. २०१९ मध्ये २,१०८ स्त्रियांच्या चाचणीत तसं दिसलं नाही. तेव्हा तिच्याकडून तो चमत्कार मागू नये. काखेतल्या गाठी काढायच्या असतील, तर ही एकटी सुई अनेकदा पुरत नाही; जोडीला गुंगीचं औषध किंवा सबंध भूलही लागते.

तरीही घरातल्या कुणाची शस्त्रक्रिया ठरली, तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना एवढं जरूर विचारा: "पाठीतून बधिर करणं हिला चालेल का?"