नदीकाठची ओस गावं

नदीकाठ म्हटलं की आपल्यासमोर कसदार जमीन येते, हाताशी पाणी, गुरांना चारा. पण पश्चिम आफ्रिकेत व्होल्टा नद्यांच्या खोऱ्यात लोक अशीच जमीन टाकून वरच्या खडकाळ माळावर जाऊन राहत. नदीजवळ राहिलं की डोळे जातात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. काही गावांत चाळिशी ओलांडलेले निम्मे पुरुष आंधळे झाले होते. त्यांच्या काठीचं दुसरं टोक धरून पुढे चालायचं एखादं लहान पोर. त्या पोराची शाळा तिथेच संपली!

लोकांनी ओळखलं होतं ते बरोबरच होतं, फक्त दोष पाण्याचा नव्हता. वेगानं वाहणाऱ्या पाण्यात एक बारीक काळी माशी वाढते. ती चावली की एका जंताची अळी अंगात शिरते. मोठे झालेले जंत कातडीखाली गाठी करून दहा-पंधरा वर्षं जगतात आणि मादी लाखो सूक्ष्म पिल्लं सोडत राहते. अंगाला असह्य खाज सुटते. पिल्लं डोळ्यात पोचतात, तिथे मरतात, मग सूज येते. असं वर्षानुवर्षं चाललं की डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पांढरा होतो. गेलेली नजर परत येत नाही.

१९७४ साली सात देशांनी मिळून मोहीम काढली. हेलिकॉप्टरमधून नद्यांवर औषध फवारून माशीच्या अळ्या मारायच्या, तेही वर्षानुवर्षं, कारण अंगातला जंत म्हातारा होऊन मरेपर्यंत माशीला डोकं वर काढू द्यायचं नव्हतं. २००२ साली मोहीम संपली तेव्हा अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वस्तीला मोकळी झाली होती.

मध्येच गोळीही आली, आयव्हरमेक्टिन. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ती सापडली, आणि १९८७ पासून कंपनीनं या रोगासाठी ती फुकट दिली. गोळी पिल्लं मारते, मोठा जंत नाही, म्हणून दरवर्षी घ्यावी लागते. गावातलेच स्वयंसेवक घरोघर जातात. वजनकाटा नसला तरी अडत नाही, खुणा केलेल्या काठीनं उंची मोजून किती गोळ्या ते ठरतं. नव्वद सेंटीमीटरपेक्षा बुटक्या पोराला गोळी नाही. गरोदर बाईलाही नाही, आणि बाळंत होऊन आठवडा न झालेल्या आईलाही नाही. तिचं नाव वहीत राहतं, तिच्यासाठी नंतर पुन्हा यावं लागतं.