घाटावर आणि घाटाखाली : परसबागेतील औषधी वनस्पतींच्या अभ्यासाची प्रस्तावना

परसबागेची पुस्तके हवामानाचा विषय बहुधा एका ओळीत उरकतात : भरपूर ऊन, बेताचे पाणी. बुलढाणा जिल्ह्यात ही ओळ राजूर घाट उतरेपर्यंतही टिकत नाही. घाटावरचे बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर, तर घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातले मलकापूर, नांदुरा 300 मीटरच्याही खाली. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे इथे फरक दोन-अडीच अंशांचा. आकडा किरकोळ वाटेल, पण सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावणाऱ्याला विचारा. ऊन तापू लागले की सांबार पाने धरायचे सोडून फुलावर येतो, आणि घाटाखाली ही वेळ आधी येते. तुळशीचे उलटे, तिला घाटावरची कडाक्याची थंडी मानवत नाही.

तरीही माझ्या मते या अभ्यासात तापमानाहून पाणी मोठे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी खारट. उन्हाळ्यात असे पाणी कुंडीत रोज घातले, की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पुदिन्याच्या पानांच्या कडा करपतात. आपण दोष देतो उन्हाला, आणि आणखी तेच पाणी घालतो! इथे छपरावरून साठवलेले पावसाचे पाणी कोणत्याही खतापेक्षा मोलाचे. कोरफड थोडाफार खारेपणा सोसते, पुदिना नाही.

पावसाळ्यात त्रास निराळा. काळी माती पाणी धरून फुगते, मुळांना हवा मिळत नाही. जाड पानांचा पानओवा अशा वेळी बुडातून सडतो. त्याला वाळू मिसळलेली माती आणि उंचवटा हवा. गवती चहाही पाणी तुंबलेल्या जागी नको.

ऊन मात्र सरसकट शत्रू नव्हे. तुळस, गवती चहा यांचा वास ज्या तेलांचा, ती उन्हात वाढलेल्या पानांत अधिक साठतात. सावलीत लाडाने वाढवलेली तुळस पानाने मोठी, वासाने फिकी. वैशाखात दुपारची आडोशाची सावली हवीच, पण सकाळचे ऊन तोडू नये.

नव्या अभ्यासकाने अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान जरूर पाहावे. मात्र रोपे आणण्याआधी आपल्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे.