सोलर बसवण्याआधी भिंत तपासा : जुन्या सार्वजनिक इमारती आणि भूकंपाचा धोका

दर्यापूर : वऱ्हाडातला उन्हाळा म्हणजे जुन्या शाळेची भट्टीच. म्हणून उर्दू शाळा, शादीखाना, वाचनालय अशा इमारतींवर सोलर बसवणं, गच्ची थंड करणं, खिडक्या मोठ्या करणं ही कामं निघतात. चांगलीच आहेत. फक्त ही इमारत हादरा सोसेल का, हे आधी बघावं, असं आम्हाला वाटतं.

‘आपल्याकडे कुठं भूकंप होतो?’ असं लोक म्हणतात. किल्लारीचा भागही १९९३ पर्यंत देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जात होता. त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे तिकडे साडेनऊ हजारांहून जास्त माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत आणि वर मातीचं जड धाबं. झोपलेल्या माणसांवर तेच कोसळलं. आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटाकडे, ३० सप्टेंबर २०२४ ला दुपारी ४.२ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला.

इमारत जितकी जड, तितका तिला भूकंपाचा झटका मोठा. आणि वजन छतावर असेल तर भिंतींवर ताण आणखी वाढतो. सोलरच्या पॅनलचं वजन लोखंडी सांगाड्यासह चौरस मीटरला साधारण १५ ते २० किलो. ते रोखून धरायला काँक्रीटचे ठोकळे ठेवले की आकडा बराच वाढतो. गच्ची थंड राहावी म्हणून चार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला तर दीडशे किलोच्या वर! पांढरा चुना मारला तर वजन जवळजवळ वाढतच नाही. खिडकीसाठी भिंत फोडली, की भार पेलणारा भागच कमी होतो.

दर्यापूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे इथं भेगा घरोघरी, आणि म्हणूनच कोणी मनावर घेत नाही. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवून तारीख लिहा. काच तडकली, तर भेग अजून वाढतेय. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग इंजिनिअरला आधी दाखवा.

बाकी तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरची. भिंत विटांची की दगडमातीची, लिंटेलच्या पातळीवर काँक्रीटचा सलग पट्टा आहे का, कोपरे एकमेकांत गुंफलेत का, स्लॅबची सळई गंजली का, हे तो बघेल. अहवाल लेखी मागा आणि छतावर वाढणारं वजन त्यात धरायला सांगा. मजबुतीकरण निघालं तर ते आधी करून घ्या. नाहीतर बसवलेले पॅनल पुन्हा उतरवावे लागतील, आणि तो खर्च सोलरच्या अंदाजपत्रकात कोणी धरत नाही.